गायरानावर सोलर, बागायतदाराच्या विहिरीवर मोटार : विजेच्या इतिहासात आपण कुठे?

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन प्रकारचे कार्यकर्ते भेटतात. पहिले म्हणतात, हवामान बदल, स्वच्छ ऊर्जा हे पोट भरलेल्यांचे विषय. आपल्या वस्तीत अजून नळ नाही, तिथे कार्बनचे काय घेऊन बसलात? दुसरे १४ एप्रिलला ‘देशातील सर्व धरणांचे जनक बाबासाहेब’ अशी पोस्ट फिरवतात आणि १५ एप्रिलला विसरून जातात. पहिल्यांचा राग आम्हाला समजतो, दुसऱ्यांचा अभिमानही समजतो. पण दोघांच्याही हातून एक इतिहास निसटतो. तो निसटल्यामुळे आज मराठवाड्यात, विदर्भात आपल्याच लोकांच्या वहिवाटीतील गायरानावर सोलरचे खांब रोवायची तयारी चालली असताना आपल्याकडे ना धड भूमिका आहे, ना धड मागणी. विरोध करावा तर आपण प्रगतीचे शत्रू ठरतो आणि गप्प बसावे तर जमीन जाते.

म्हणून हा विषय जरा मागून घेऊ.

महाराष्ट्रातील ‘स्वच्छ’ विजेची सुरुवात सोलरपासून झालेली नाही. ती सह्याद्रीच्या पाण्यापासून झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. कोळसा न जाळता, धूर न काढता, घाटमाथ्यावर अडवलेले पाणी कोकणात सोडून वीज तयार होत होती आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना जात होती. आजच्या भाषेत शंभर टक्के हरित ऊर्जा! भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितले जाते ते असे की, मुळशी खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच नावावर गेलेल्या होत्या, आणि या मंडळींना लढ्यापेक्षा नुकसानभरपाईत रस होता. कसणारा लढत होता आणि कागदावरचा मालक भावाची घासाघीस करत होता. ज्याच्याकडे गहाण टाकण्यापुरतीही जमीन नव्हती, त्या बलुतेदाराचे, महार-मांगाचे नाव भरपाईच्या हिशेबात यायचे कारणच नव्हते.

आणि ती वीज जिथे पोहोचली तिथे काय होते? गिरणीचे साचेखाते. विणकराच्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड ज्या धोट्याला लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, म्हणून सवर्ण कामगारांनी साचेखाते अस्पृश्यांना बंद ठेवले. चांगला पगार साचेखात्यात. आपली माणसे रिंगखात्यात, झाडलोटीत, हमालीत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि हे सांगितले की ज्या एकजुटीत हा अन्याय धकतो ती एकजूट आमच्या कामाची नाही. १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी सांगितले, ते कुठल्या पुस्तकातून काढलेले सूत्र नव्हते. मुंबईच्या साच्यांवर ते रोज दिसत होते. सह्याद्रीतून आलेली वीज धूर करत नव्हती; पण ज्या यंत्राला ती फिरवत होती त्या यंत्राला हात लावायला आपल्या माणसाला मनाई होती. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द ऐकला की आम्हाला आधी हे आठवते.

हाच माणूस पुढे देशाच्या वीजखात्याचा प्रमुख झाला. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत होते. मजूरखाते म्हटले की आपल्याला कामाचे तास, प्रसूतीची रजा, कामगार कल्याण एवढेच आठवते. पण त्या काळात सार्वजनिक बांधकाम, खाणी, पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. युद्ध संपल्यावर देशाची उभारणी कशी करायची याच्या समित्या बसल्या होत्या. त्यांतील सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांसाठीच्या धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी नवी दिल्लीत या समितीची पहिली बैठक झाली. त्या बैठकीतले त्यांचे भाषण प्रत्येक आंबेडकरी विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आम्हाला वाटते. समोर इंजिनीअर, प्रांतांचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी, वीज कंपन्यांची माणसे. त्यांच्यापुढे बाबासाहेब विचारतात : वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या? खासगी असेल तर जनतेचे हित राखायला कोणत्या अटी घालणार? राज्याची असेल तर केंद्राची की प्रांतांची? आणि ती स्वस्त आणि मुबलक मिळेल अशी व्यवस्था कोणती? एवढे विचारून ते थांबत नाहीत. वीज हवी कशाला, हेही विचारतात. त्यांचे उत्तर असे की, शेतीवर माणसांचा भार वाढतच चालला आहे, या दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायचे तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि स्वस्त, मुबलक विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत.

याची मुळे १९१८ मध्ये आहेत. लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. तुकडे जोडून शेत मोठे केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी म्हटले, दुखणे तुकड्यांत नाही. शेतीत नको इतकी माणसे अडकून पडली आहेत, ती बाहेर निघाली पाहिजेत. पंचवीस वर्षांनी तोच माणूस विजेकडे त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहतो. गावगाड्यातून बाहेर पडायची वाट म्हणजे वीज. चरखा आणि स्वयंपूर्ण खेडे हेच भारताचे भवितव्य, असे देश म्हणत असताना हे बोलायला हिंमत लागत होती. खेड्यातल्या साधेपणाचे आजचे पर्यावरणवादी कौतुक ऐकतानाही आम्हाला हाच निबंध आठवतो. ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचा साधेपणा आला त्यांना तो पुरेसा कळलेला आहे.

आता दामोदर. १९४३ च्या जुलैत बंगालमध्ये बर्दवानजवळ दामोदर नदीचा डावा बांध फुटला, गावे बुडाली, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. चौकशी समिती नेमली गेली, तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते, आणि अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यासारखे स्वतंत्र प्राधिकरण असावे अशी शिफारस झाली. या शिफारशीला धोरणाचा आकार द्यायचे काम मजूरखात्याकडे आले. जानेवारी आणि ऑगस्ट १९४५ मध्ये कलकत्त्यात परिषदा झाल्या. बाबासाहेबांनी तिथे धरलेला आग्रह साधा होता : नुसता पूर अडवायला धरण नको. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक हे सगळे एकाच योजनेत बसले पाहिजे, आणि नदी दोन प्रांतांतून वाहते म्हणून दोन प्रांतांनी तिचे दोन तुकडे करायचे नाहीत. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, त्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. या योजनेचा लाभ थेट मुळापर्यंत, खोऱ्यात राहणाऱ्या सगळ्या माणसांपर्यंत गेला पाहिजे आणि त्यासाठी यंत्रणा आधीच उभी राहिली पाहिजे, असे ते म्हणाले. भिंत आधी आणि माणसे नंतर, हा क्रम त्यांना मान्य नव्हता.

८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला महानदीसाठी परिषद झाली. ओरिसात पुरावर समित्यांमागून समित्या बसल्या होत्या आणि बहुतेकींचे म्हणणे असे की पाणी हे संकट, ते बांध घालून लवकरात लवकर समुद्रात घालवा. बाबासाहेबांनी हा विचारच उलटा केला. पाणी जास्त झाल्याने माणसे त्रासतात त्यापेक्षा पाणी न मिळाल्याने अधिक त्रासतात. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा, तिच्यातून शेत भिजवा, वीज काढा. अठरा वर्षांपूर्वी याच माणसाने महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते, हे कटकच्या इंजिनिअरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पाण्याकडे पाहताना ज्यांना फक्त पूर दिसतो त्यांना ते कधी कोणी नाकारलेले नसते.

इथे एक स्पष्ट बोलू. ‘सर्व धरणांचे जनक’ ही पोस्ट बाबासाहेबांना मोठे करत नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग (आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज) त्यांच्या खात्याखाली उभे राहिले, हे कागदोपत्री आहे. आयोगाचे अध्यक्ष ए. एन. खोसला होते, दामोदरचा प्राथमिक आराखडा टेनेसी खोऱ्याचा अनुभव असलेल्या वूर्डुइन या अमेरिकी इंजिनिअरने केला, समितीच्या शिफारशी आधीच होत्या. त्या सगळ्यांना बाजूला सारून एकाच नावाचा जयजयकार करायची गरज नाही. बाबासाहेबांचे काम वेगळे होते : हे इंजिनिअर ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते तो प्रश्न त्यांनी बदलला. मेगावॅट किती, यापुढे जाऊन ते विचारत होते, मालक कोण आणि लाभ कोणाला? आपण फोटो फॉरवर्ड करतो आणि प्रश्न मात्र सोडून देतो.

कोळशाबद्दलही बोलले पाहिजे, कारण आज ‘कोळसा वाईट, सूर्य चांगला’ अशी सोपी मांडणी चालते. खाणी बाबासाहेबांच्याच खात्यात होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. जानेवारी १९४४ मध्ये अध्यादेश काढून कोळशावर उपकर बसवला गेला आणि त्यातून खाण कामगारांची घरे, पाणी, आरोग्य यांसाठी कल्याण निधी उभा राहिला. कोळसा वापरणाऱ्याने कोळसा काढणाऱ्याच्या जगण्याचा खर्च उचलावा, असा तो सरळ हिशेब. त्याच काळात युद्धामुळे कोळशाची टंचाई होती आणि स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यास असलेली बंदी सरकारने १९४३ मध्ये तात्पुरती उठवली. त्यावर फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात टीका झाली आणि बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली : हा आणीबाणीचा उपाय आहे, आणि समान कामाला समान वेतन आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. हा प्रसंग अडचणीचा आहे म्हणून आपले लोक तो वगळतात. आम्हाला तो ठेवावासा वाटतो. त्या बायकांच्या वेतनाची बरोबरी हा मुद्दा त्या आणीबाणीतही सरकारच्या तोंडून निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज औष्णिक केंद्रे बंद करण्याची भाषा होते तेव्हा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राभोवती राहणाऱ्या, राखेच्या धुळीत कंत्राटी काम करणाऱ्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न किती परिषदांच्या विषयपत्रिकेवर असतो? २०२२ च्या जुलैत नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतांत, नाल्यांत गेली. कोळसा जावा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तो जाताना उपकराचा हिशेब कोण करणार, एवढेच विचारतो.

बाबासाहेब मजूरखात्यातून बाहेर पडल्यानंतर काय झाले ते थोडक्यात. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच वर्षी वीज पुरवठा कायदा झाला, तो मांडणारे मंत्री काकासाहेब गाडगीळ. त्यातून राज्य वीज मंडळे आली, म्हणजे ‘मालक कोण’ या प्रश्नाला निदान कागदावर ‘राज्य’ असे उत्तर मिळाले. दामोदरवर आठ धरणांची योजना होती, महामंडळाने बांधली चार : तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. आज या महामंडळाची जलविद्युत क्षमता दीडशे मेगावॅटच्याही आत आहे आणि बाकी सगळा पसारा कोळशावर. ज्या योजनेचा जन्म पाण्यातून झाला ती कोळशाची कंपनी झाली.

मुळापर्यंत लाभ पोहोचण्याचे काय झाले, हे समजायला एक नाव पुरे आहे : बुधनी मेझन. संथाळ आदिवासी मुलगी, वय पंधरा-सोळा, धरणावर मजुरी करणारी. पंचेत धरणाच्या उद्घाटनाला पंडित नेहरूंनी या मुलीच्या हातून कळ दाबून घेतली. सोहळ्यात नेहरूंच्या स्वागताला ती होती, हारतुरे झाले. गावाने म्हटले, परक्या पुरुषाला हार घातलास, तुझे लग्न लागले. आणि तिला समाजाबाहेर काढले. १९६२ मध्ये महामंडळातली नोकरीही गेली. ऐंशीच्या दशकात राजीव गांधींपर्यंत गाऱ्हाणे गेल्यावर ती परत मिळाली. २०२३ मध्ये तिचे निधन झाले. उद्घाटनाची तारीख होती ६ डिसेंबर १९५९, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. हिराकुडने तर लाखाहून अधिक माणसे उठवली. धरणांवर टीका करणारे म्हणतील, म्हणजे आंबेडकरांचा विचारच चुकला. आम्ही म्हणतो, भिंतीचा आराखडा घेतला आणि माणसांसाठीची यंत्रणा आधी उभी करा हा भाग फाईलमध्ये ठेवून दिला.

आता गायरान.

१९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले आणि शेतीही राज्याचा उद्योग करावी असे म्हटले. जमीन राज्याची, ती गावातल्या माणसांना जातपात न पाहता कसायला द्यायची, म्हणजे ना जमीनदार राहील, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. हे झाले नाही. कूळकायद्याचा लाभ कुळाला मिळाला, आणि आपला माणूस बहुतेक ठिकाणी कूळही नव्हता, सालगडी होता. मग उरले पडीक, गायरान. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा सत्याग्रह झाला, १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह; लाखोंनी अटक करून घेतली, त्यात लेकुरवाळ्या बायका होत्या. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्यांनी ही लढाई गावागावांत नेली. ज्या गावात पाटलाच्या शेतावर सालाने राबायचे, त्याच गावात चार एकर खडकाळ गायरान फोडून बाजरी, तूर पेरायची आणि पाटलाच्या बैठकीत मान खाली न घालता जायचे. गायरानाची खरी पिकवण ही आहे. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, पिके जाळलेली पाहिली, झोपड्या मोडलेल्या पाहिल्या.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. काही ठिकाणी पट्टे मिळाले. असंख्य ठिकाणी प्रस्ताव तहसीलमध्ये पडून राहिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे अपवाद धरले आहेत, पण निकाल वाचून दाखवताना अपवादाचे वाक्य हमखास गळते. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयातील प्रकरणामुळे राज्यभर गायरानावरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा पुढे आला आणि नोटिसा निघाल्या.

आणि त्यानंतर लगेच, मे २०२३ मध्ये, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप-विंचवात जाऊन मोटार चालू करावी लागते, त्याला दिवसा वीज मिळावी; उपकेंद्राजवळ पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर त्यांवर चालवावेत. कोळसा वाचतो, वहनातली गळती वाचते. पण हिशेब मांडून पाहा. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, दरवर्षी त्यात वाढ. सरकारी जमीन असेल तर कंपनीला ती नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षे. आणि जो माणूस त्या गायरानावर तीस-चाळीस वर्षे नांगर धरतोय त्याला? काही नाही. कारण तो मालक नाही, कूळ नाही, वहिवाटदारही नाही; दप्तरात तो ‘अतिक्रमणधारक’ आहे.

पुढचा हिशेब याहून कडू आहे. त्या पॅनेलची वीज जाते शेतीच्या फिडरवर, म्हणजे ज्याच्याकडे विहीर आणि मोटारीचे कनेक्शन आहे त्याच्याकडे. शेतीपंपाचे कनेक्शन घ्यायला सातबारा लागतो. गायरान कसणाऱ्याकडे सातबारा नाही, म्हणून कनेक्शन नाही, पीककर्ज नाही, किसान सन्मानचे पैसे नाहीत. सौरपंपाच्या योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के हिस्सा भरायचा आहे, जाहिरातीत हे मोठ्या अक्षरांत असते. पण तिथेही जमीन नावावर हवी आणि पाण्याचा स्रोत हवा. घराच्या छपरावर सोलर बसवायला केंद्राकडून ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी आधी स्वतःचे, कागदावरचे, पॅनेल पेलेल असे छप्पर हवे. म्हणजे आपल्या माणसाची जमीन घेऊन केलेल्या विजेतून बागायतदाराचा ऊस भिजणार, आणि ज्याची जमीन गेली तो तो ऊस तोडायला कारखान्याच्या टोळीत जाणार. मुळशीपासून शंभर वर्षे झाली. तिथेही कागद ज्याचा त्याची भरपाई होती.

यावर एक आक्षेप आपल्यातलेच सुशिक्षित घेतात. जमीन राज्याची असावी असे बाबासाहेबच म्हणत होते ना? मग राज्याने आपली जमीन सार्वजनिक कामाला वापरली तर बिघडले कुठे? उत्तर त्याच निवेदनात आहे. राज्याकडे जमीन जायची ती भूमिहीनांना कसायला देण्यासाठी. आणि वीजही राज्याचीच असायची. इथे जमीन राज्याची, ती काढून घ्यायची भूमिहीनाकडून आणि द्यायची खासगी विकासकाला, जो वीज विकून नफा कमावणार. बाबासाहेबांच्या योजनेचे दोन्ही पाय उलटे केले आहेत.

दुसरा आक्षेप गावातून येतो : गायरान गुरांचे आहे, तुमचे कसे? गंमत अशी की हा आक्षेप घेणाऱ्यांना सोलर कंपनीने कुंपण घातल्यावर गुरे आठवत नाहीत. महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान दुसऱ्या कामाला द्यायचे ते सार्वजनिक प्रकल्पासाठी, आणि दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तेव्हा. ही तपासणी झाली का, असे ग्रामसभेत विचारणारा आम्ही ज्या गावांत काम करतो तिथे क्वचित भेटला. ठराव आधी लिहिलेला असतो, सह्या नंतर गोळा होतात, आणि वस्तीला कळते ते मोजणीची माणसे आल्यावर.

रोजच्या जीवनातली पर्यावरण कृती म्हणून शाळा-कॉलेजांत जे सांगितले जाते, कापडी पिशवी, एलईडी दिवा, एक झाड, त्याला आमचा विरोध नाही. मात्र कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेगळा काढून परत कारखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आपल्याच आयाबहिणी कुठल्याही पर्यावरण दिनाच्या आधीपासून करत आल्या आहेत. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. दुसरीकडे कचरा जाळून केलेली वीजही आता अपारंपरिक ऊर्जेत मोजली जाते. त्या भट्टीत कागद-प्लास्टिक गेले तर या बायकांच्या पोटाचे काय, हे कुणाच्या हिशेबात नसते.

आंबेडकरी तरुणाची पर्यावरण कृती आम्हाला तलाठी कार्यालयात सुरू झालेली हवी आहे. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. आपल्या गावात त्यात कोणाची नावे आहेत, कोणाची राहिली, याची नक्कल माहिती अधिकारात मागा. वस्तीत घरोघर जाऊन जुन्या दंडाच्या पावत्या गोळा करा. महसूल खात्याने अतिक्रमणाबद्दल जो दंड घेतला त्याची पावती हाच अनेकदा वहिवाटीचा एकमेव पुरावा असतो, आणि तो पेटीच्या तळाशी, वाळवी लागलेल्या कागदांत सापडतो. १४ एप्रिल १९९० च्या आधीची एक पावती एखाद्या कुटुंबाचे भवितव्य बदलू शकते. १९९१ च्या निर्णयाखाली पाठवलेला प्रस्ताव तहसीलमध्ये कुठे अडला ते विचारा. गावात सोलरची मोजणी व्हायच्या आधी हे झाले पाहिजे. नंतर कोर्टात कागद शोधण्यात जन्म जातो.

आणि मागणी काय करायची? प्रकल्प नको एवढीच मागणी अपुरी आहे असे आम्हाला वाटते. पहिली मागणी, प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत वहिवाटीतले गायरान प्रकल्पाला देऊ नये. दुसरी, जिथे कसणारे स्वतः तयार असतील तिथे त्यांना खासगी मालकाइतकेच, हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे मिळावे. तिसरी मागणी सगळ्यांत महत्त्वाची. केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात सहकारी संस्था, शेतकरी गट आणि पंचायती यांनाही ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारता येतो. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. पट्टा मिळालेल्या दहा गायरानधारक कुटुंबांची सहकारी संस्था, जोडीला अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचा निधी, आणि वीज महावितरणने विकत घ्यायची : यातले एकही पाऊल कायद्याबाहेरचे नाही. निधी दरवर्षी परत जातो किंवा वळवला जातो, त्याची ओरड आपण करतोच. तो कशासाठी मागायचा याची एक ठोस फाईल यातून तयार होते.

२५ ऑक्टोबर १९४३ च्या त्या बैठकीत मालकीचे दोनच पर्याय टेबलावर होते, खासगी किंवा राज्य. कसणाऱ्याची मालकी हा तिसरा पर्याय तेव्हा कोणी मांडला नव्हता. आज तो मांडायला एक जिल्हा पुरेसा आहे, एक तालुकाही चालेल. बीड, जालना, परभणी, हिंगोली, जिथे एक-ईची नावे आणि पावत्या गोळा झाल्या असतील तिथल्या कार्यकर्त्यांनी गट नंबर आणि क्षेत्रासह यादी करायला घ्यावी. पुढच्या ग्रामसभेची तारीख नोटीस बोर्डावर लागली की ती यादी विषयपत्रिकेत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.